एक मूल जास्त

पाचवीच्या सहलीची संमतीपत्रं गेले चार दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरली आहेत. एकावर आमटीचा डाग पडलाय. दोनांवर पालकांच्या सहीच्या जागी मुलांनीच सह्या ठोकल्यात. एकानं तर सरळ ‘आई’ असं लिहून खाली दोन टिंबं दिलीत. माझी आई गठ्ठा सरकवून ताट ठेवते आणि रोज तेच म्हणते, "कोरियात होतीस तेव्हा बरं होतं, निदान कागद तरी तिकडेच राहायचे."

कागद तिकडेही होतेच, इथल्या दुप्पट होते. आईला ते दिसले नाहीत एवढंच. तिला व्हिडिओ कॉलवर डोंगर, देवळं आणि चेरीची झाडं दिसायची, त्यामुळे तिची पक्की समजूत आहे की मुलगी दोन वर्षं पगारी सहलीवर गेली होती. इथे ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या अर्ध्या ओळखीच्यांचंही तेच मत. परवा स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, "तिकडे कशा काढतात हो सहली?" मी सांगायला लागले आणि मधली सुट्टी संपली. उरलेलं इथे लिहिते.

आधी नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. हो, भारतीय पासपोर्टवर तिकडे इंग्रजी शिकवायला जाता येतं. भारत आणि दक्षिण कोरियातला सेपा नावाचा आर्थिक भागीदारीचा करार 1 जानेवारी 2010 पासून लागू आहे, त्यात शाळांमधल्या इंग्रजीच्या सहायक शिक्षकांची सोय आहे. पदवी लागते, शिक्षक म्हणून पात्रता लागते, कागदांवर शिक्के मारून घेताना चपला झिजतात, आणि जागा अगदी मोजक्या. मला मिळाली. ऑगस्ट 2017 ते ऑगस्ट 2019, दक्षिण ग्योंगसांग प्रांतातल्या एका लहान शहरातली प्राथमिक शाळा. पहिल्याच दिवशी एका मुलीनं माझ्या वेणीला हात लावून वर्गाच्या बाईंना काहीतरी विचारलं. बाईंनी हसत भाषांतर केलं, "इंग्लिश टीचरचे केस काळे कसे?"

पहिले दोन महिने सगळे शनिवार-रविवार मी घरात बसून काढले. भाषा येत नाही, बसच्या पाट्या वाचता येत नाहीत, बाहेर पडून जायचं कुठं? मग एका शनिवारी शाळेमागची टेकडी चढायला घेतली. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात पहाटे चालायला जाणाऱ्यांनी कोरियातल्या आज्या एकदा बघायला हव्यात. आपण येऊरला जुने बूट आणि कुठल्यातरी बँकेनं फुकट दिलेली टोपी घालून जातो. तिथे सत्तरीच्या आज्या तीनशे मीटरच्या टेकडीवर एव्हरेस्टला निघाल्यासारख्या निघतात. भडक गुलाबी जॅकेट, दोन हातांत दोन काठ्या, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये निम्मं स्वयंपाकघर. मी अर्ध्यात धापा टाकत बसले होते. त्यातली एक थांबली, सॅकमधून काकडी काढली, गुडघ्यावर आपटून मोडली आणि अर्धी माझ्या हातात कोंबली. म्हणाली, "मुरा!"

पुस्तकात मी ‘तुसेयो’ शिकले होते, म्हणजे ‘घ्यावं, खावं’. ‘मुरा’ हा ग्योंगसांगच्या बोलीतला शब्द. ‘खा गं, नखरे नकोत’ असा काहीसा. पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसाला मालवणात उतरल्या उतरल्या कुणी ‘खा गो’ म्हणून दटावावं, तसं वाटलं. काकडीला मीठसुद्धा नव्हतं. पण त्यानंतर दर शनिवारी मी दोन काकड्या घेऊन निघायला लागले, एक खायला, एक द्यायला.

तिथून पाय सुटले ते सुटलेच. सोलबद्दल लिहीत नाही, ते सगळेच लिहितात. राजवाडा बघितला, पाय दुखले. चिन्हे नावाच्या ठिकाणी चेरीचा बहर बघायला गेले, तर फुलांपेक्षा डोकी जास्त. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता गुलाबी फुलं टांगली तर साधारण तसं दिसेल.

हेइन्सा मात्र सोडवत नाही. देगू शहराहून बसनं दीड तास, गाया डोंगरातलं जुनं बौद्ध देऊळ. तेराव्या शतकात, मंगोल स्वाऱ्यांच्या काळात कोरलेले बौद्ध ग्रंथांचे 80,000 हून जास्त लाकडी ठसे तिथे आहेत. एवढं लाकूड इतकी शतकं वाळवी-बुरशीशिवाय टिकलं कसं, हा कोकणातल्या घराची दारं दर पावसाळ्यात फुगताना बघितलेल्या माणसाला पडणारा पहिला प्रश्न. उत्तर खिडक्यांमध्ये आहे. पुढच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान. मागच्या भिंतीत बरोबर उलटं. त्यामुळे वारा आत शिरला की सगळ्या मांडण्यांतून फिरून मगच बाहेर पडतो. जमिनीत कोळसा, मीठ आणि चुना घातलाय, तो ओल धरतो. ना पंखा, ना वीज. मी त्या लाकडी गजांसमोर इतका वेळ उभी होते की तिथल्या माणसाला संशय आला.

आणि तिथलं जेवण! मी त्या देशात सहा महिने अर्धपोटी काढले होते. आमच्या घरी अंडंसुद्धा गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर उकडतात. मी अंड्यापर्यंत पोचले, पुढे गेले नाही. किंबाप, म्हणजे भात आणि भाज्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळून कापलेल्या वड्या, हा तिकडचा डबा. त्यात बहुतेक वेळा हॅम किंवा माशाचं काहीतरी असतंच. ‘हॅम पेगो जुसेयो’, हॅम वगळून द्या, हे माझं सगळ्यात शुद्ध कोरियन वाक्य. बौद्ध मठांत मात्र मांस-मासे नाहीतच, वर कांदा-लसूणही नाही. चातुर्मासच! आणि जेवून झाल्यावर वाडग्यात पाणी घालायचं, मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीनं वाडगा पुसून घ्यायचा आणि ते पाणी प्यायचं. पानात काही टाकायचं नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग वेगळं काय केलं त्यांनी? तुझी पणजी हेच करायची."

आता शाळेच्या सहली.

तिकडे साधारण वसंतात आणि शरदात एकेक दिवसाची सहल असते, आणि सहावीच्या मुलांची मुक्कामी सहल. माझी पहिली सहल चौथीबरोबर, किम्हेला. हे बुसानजवळचं शहर. तिथे सुरो राजाची आणि त्याच्या राणीची, हो ह्वांग-ओकची, अशी वेगवेगळी थडगी आहेत. हिरवळीचे गोल उंच ढिगारे, लांबून कुणी भाकरीचं पीठ मळून पालथं घातल्यासारखे. ‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात गोष्ट आहे की ही राणी सोळा वर्षांची असताना, इसवी सन 48 मध्ये, आयुता नावाच्या देशातून जहाजानं आली. समुद्र खवळू नये म्हणून जहाजात दगडी मनोरा घेऊन आली, तो मनोरा थडग्यापाशी ठेवलेला आहे. आयुता म्हणजे आपली अयोध्या, असं तिकडे खूप लोक मानतात. अयोध्येत 2001 मध्ये तिचं स्मारकही झालं. अभ्यासकांचं यावर एकमत नाही. पण चौथीच्या मुलांना अभ्यासकांशी काय देणंघेणं?

त्या वर्गात पाच किम होते. हजेरीत चौदावा नंबर असलेला किम फार हिशेबी. राजाच्या थडग्याच्या दारावर समोरासमोर काढलेल्या दोन माशांचं चित्र आहे. ते दाखवून वर्गाच्या बाईंनी सांगितलं की किम्हेचे किम हे या राजा-राणीचे वंशज. चौदा नंबरनं मान वर केली. "मी किम्हेचाच किम." मग माझ्याकडे बघितलं. मग माशांकडे. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत त्यानं मांडणी केली: राणी भारतातली. राणी माझी आजी. टीचर भारतातली. म्हणजे टीचर आजीच्या माहेरची. इथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाला, "सो, होमवर्क लिटल, ओके?"

पुढचा आठवडाभर मी ‘हाल्मोनी टीचर’ होते. आजीबाई. तेव्हा वय तेहतीस.

त्याच सहलीत मी कायदाही मोडला. दुपारी चटया अंथरून सगळे डबे खायला बसले. एक मुलगी माझ्याकडे आली, दोन्ही हातांनी डबा पुढे धरला आणि म्हणाली, "नो हॅम." तिनं आईला सांगून माझ्यासाठी काकडी-अंड्याचा एक वेगळा तुकडा करून आणला होता. मी तोंडात टाकला. समोर बघते तर वर्गाच्या बाई दुसऱ्या मुलानं आणलेला कॉफीचा डबा अगदी प्रेमानं, पण परत करत होत्या. सप्टेंबर 2016 मध्ये तिकडे लाचेविरुद्धचा नवा कायदा लागू झाला, त्यात शिक्षकही येतात. जी मुलं तुमच्या हातून मार्क घेतात, त्यांच्याकडून कॉफीसुद्धा घ्यायची नाही. बाईंनी माझ्या भरलेल्या तोंडाकडे बघितलं आणि दुसरीकडे नजर वळवली. ठाण्यात सहलीच्या दिवशी ‘बाईंसाठी’ म्हणून आलेल्या पुरणपोळ्या, ढोकळे आणि एकदा तर पूर्ण बिर्याणी यांचा हिशेब केला तर आमच्या स्टाफरूममधलं कुणीच सुटणार नाही.

सहावीची मुक्कामी सहल मे 2018 मध्ये, ग्योंगजूला. दोन रात्री, तीन दिवस. मला न्यायची खरं तर गरज नव्हती, एक बाई आजारी पडल्या म्हणून गेले. सकाळी शाळेच्या अंगणात चार बस उभ्या, आणि एक पोलीस ओळीनं सगळ्या ड्रायव्हरना नळीत फुंकायला लावतोय. दारू प्यायलेत का ते बघायला. मला वाटलं काहीतरी भानगड झाली. तर नाही, तिकडे ही नेहमीची पद्धत. सहलीच्या काही आठवडे आधी दोन शिक्षक जाऊन सगळी ठिकाणं पायी फिरून आले होते. कुठं पायऱ्या आहेत, संडास किती, जवळचा दवाखाना कुठला, हॉटेलच्या कुठल्या मजल्यावर बाहेर पडायचा जिना आहे, सगळ्याचा फोटोंसकट अहवाल. बसमध्ये एकेका मुलाचा पट्टा हातानं ओढून बघायचा. निघताना एकदा, वाटेत थांबल्यावर पुन्हा. तिसऱ्यांदा ओढायला सांगितल्यावर मी वैतागले होते, खोटं कशाला बोलू.

ग्योंगजू ही सिल्ला राज्याची राजधानी होती. चोम्सोंगदे नावाची सातव्या शतकातली वेधशाळा आहे, नऊ मीटरच्या आसपास उंच, बाटलीच्या आकाराची. मुलांचा चेहरा पडला: एवढीच? घोडबंदरचा किल्ला बघून आमची मुलं अगदी असंच तोंड करतात. बुल्गुक्सा देवळात मात्र मजा आली. तिथला दाबोताप मनोरा दहा वॉनच्या नाण्यावर आहे. वर्गाच्या बाईंनी आधीच प्रत्येकाला एक नाणं आणायला सांगितलं होतं. सव्वीस मुलं एक डोळा मिटून, हात लांब करून, नाणं मनोऱ्याशेजारी धरून उभी. कुणाचा सिंह सापडतोय, कुणाचा नाही. मनोऱ्यावर दगडी सिंह आहे, तो नाण्यावर शोधायचा. मीही शोधला.

मग मोजणी. मुलं स्वतः नंबर म्हणतात, हाना, दुल, सेत, आणि शिक्षक बोटानं वेगळे मोजतात. मी मराठीतच मोजते. हिशेब आणि शिव्या दुसऱ्या भाषेत जमत नाहीत. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस.

पुन्हा मोजले. सत्तावीस.

मला हसू आलं. कमी भरलं असतं तर छातीत धस्स झालं असतं, हे तर एक जास्तच आहे! त्या दिवशी आवारात निदान दहा शाळा होत्या, आणि निम्म्यांच्या डोक्यावर आमच्यासारख्याच पिवळ्या टोप्या. आमच्या मुलांच्या मध्ये एक गुबगुबीत मुलगा उभा, मोबाईलवरच्या कुठल्याशा खेळाबद्दल आमच्या तिघांशी तावातावानं बोलतोय. त्याला पत्ताच नाही की आपण भलत्याच शाळेत आहोत. देजॉनहून आला होता. मी हसत वर्गाच्या बाईंकडे वळले, तर त्या हसत नव्हत्या. मुलाचा हात धरून त्या जवळजवळ पळत फाटकाकडे निघाल्या. जाता जाता मला एवढंच म्हणाल्या, "आपल्याकडे एक जास्त, म्हणजे कुणाकडे तरी एक कमी."

फाटकापाशी एक तरुण मास्तर उभे होते, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मूल दिसल्यावर ते ओरडले नाहीत, काही बोललेही नाहीत. वाकून नमस्कार केला. आमच्या बाईंनी केला. त्यांनी पुन्हा केला. पाच-सहा वेळा हे चाललं. मग आमच्या बाई बसच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि दोन मिनिटं तिकडे कुणी गेलं नाही. त्यांच्या पर्सच्या बंदाला एक लहानशी पिवळी फीत होती. मी ती रोज बघायचे आणि मला ती नुसती शोभेची वाटायची.

रात्री मुलं झोपल्यावर (दारांना बाहेरून कागदी चिकटपट्टी लावलेली, कुणी रात्री उघडलं तर कळावं म्हणून) त्यांनी सांगितलं. 16 एप्रिल 2014. सेवोल नावाची फेरी बोट जेजू बेटाकडे जाताना बुडाली. 304 माणसं गेली, त्यात 250 मुलं एकाच हायस्कूलची, सहलीला निघालेली. बोट कलंडत असताना आतून घोषणा होत होती, जागेवर थांबा, हलू नका. मुलं थांबली. शिक्षकांचं ऐकणारी मुलं होती ती. पर्सवरची पिवळी फीत त्यांच्या आठवणीची. त्या वर्षी शाळांच्या सहली काही महिने बंदच होत्या. पुढे प्राथमिक शाळांमध्ये पाण्यात जीव वाचवण्याचं पोहणं शिकवायला लागले. आमच्याही शाळेतली मुलं कपड्यांसकट तरंगायला शिकायची, रिकामी बाटली छातीशी धरून.

सोळा एप्रिल. ठाण्याच्या मुलीला ही तारीख पाठ असते. 1853 च्या सोळा एप्रिलला बोरीबंदरहून पहिली रेल्वे ठाण्याला आली. चौदा डबे, चारशे पाहुणे. लहानपणी दर वर्षी फळ्यावर इंजिनाचं चित्र काढायचो. आणि मी त्यांना ते सांगितलं नाही. काय सांगणार?

आपल्याकडेही झालंय. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर परिपत्रकं आली, समुद्राजवळ नेऊ नका, हमीपत्र भरा. अर्ध्या तिकिटात एसटी मिळते, तिच्या अर्जाबरोबर हे हमीपत्रही आम्ही भरतो. खरं सांगायचं तर कोरियाला जाण्याआधी मी ते न वाचता भरायचे. मुलांना अशा ठिकाणी घेऊन जायचे, जिथे मीसुद्धा त्यांच्याबरोबर पहिल्यांदाच जात असे, आणि त्याला ‘बाईंनाही मजा’ म्हणत असे.

यंदा पाचवी ऐरोलीला जाणार आहे, खाडीकाठच्या जैवविविधता केंद्रात. होडीतून फ्लेमिंगो बघायचे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 पासून आहे, 2022 मध्ये खाडीला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला, आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी खाडी फक्त कळव्याच्या पुलावरून, नाक दाबून बघितलीय. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, आधी जाऊन बघून येते. ते म्हणाले, "ऐरोलीला? दोन स्टेशनांवर तर आहे!" पण नाही म्हणाले नाहीत.

मग गेल्या रविवारी मी आणि आमच्या गणिताच्या बाई ट्रान्स हार्बरच्या लोकलनं निघालो. मी त्यांना लांब फिरायला नेतेय म्हणून त्या खूश होत्या, डब्यात दडपे पोहे आणले होते. तिथे पोचल्यावर मी वही काढली. बस कुठं उभी राहील, तिथून दारापर्यंत किती पावलं, रस्ता ओलांडावा लागतो का. लाकडी वाटेला कठडा आहे का, त्याच्या फटीतून पाचवीचं पोरगं सरकेल का. लाईफ जॅकेट लहान मापाची आहेत का. एक गणिताच्या बाईंनाच घालून बघितलं, त्या तशाही लहानखुऱ्या. मग मी संडासांकडे वळले.

"अगं," त्या म्हणाल्या, "लोक रविवारी फ्लेमिंगो बघतात. आपण संडास मोजतोय."

होडीवाल्या काकांशी मात्र चांगली पाऊण तास बोलले. होडी भरती-ओहोटीवर चालते, घड्याळावर नाही. आमच्या तारखेला भरती कधी, ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: शाळेची बस पावणेसातला निघाली तरच जमेल. म्हणजे मुलांना साडेसहाला बोलवायचं. म्हणजे पालकांचे फोन येणार. वहीत लिहून घेतलं आणि काकांना विचारलं, एका होडीत मुलं किती घेता? त्यांनी आकडा सांगितला. मी म्हटलं, "आमच्याकडून त्याहून दोन कमी बसतील." ते म्हणाले, "पैसे तेवढेच पडतील, बाई."

पडू देत म्हटलं. मग काठावर बसून दडपे पोहे खाल्ले. गणिताच्या बाईंना तहान लागली होती. मी पिशवीतून काकडी काढली, गुडघ्यावर आपटून मोडली आणि अर्धी त्यांना दिली.